नावे जपणारी वही

ऑगस्ट १८५०. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात गुलामगिरीविरोधी संस्थेच्या कचेरीत पन्नाशीला टेकलेला एक माणूस आला. नाव पीटर. चाळीसहून अधिक वर्षे गुलामीत काढून, पै पै साठवून त्याने स्वतःलाच विकत घेतले होते. आता तो आईवडिलांच्या शोधात होता. कचेरीतले कारकून विल्यम स्टिल त्याची हकिकत ऐकू लागले. आईवडिलांची नावे कानी पडली आणि ते थिजलेच. ती त्यांच्याच आईवडिलांची नावे! मेरीलँडमधून पळताना आईला दोन मुलगे मागे ठेवावे लागले होते. त्यांतला एक आज समोर होता. विल्यम यांचा जन्म त्यानंतरचा, १८२१चा.

पीटर पैसे मोजून सुटला. हजारो जण पळून सुटले. त्यांना साथ देणाऱ्या गुप्त जाळ्याला लोक ‘भूमिगत रेल्वे’ म्हणत. आसऱ्याचे घर म्हणजे ‘स्टेशन’, वाटाड्या म्हणजे ‘कंडक्टर’. प्रवास बहुधा रात्रीचा, ध्रुवताऱ्याच्या रोखाने. ओहायो नदीकाठच्या रिप्ली गावात पाद्री जॉन रँकिन यांचे टेकडीवरचे घर पळून येणाऱ्यांसाठी उघडे असे. हॅरिएट टबमन १८४९ साली स्वतः निसटल्या आणि सुमारे १३ वेळा मेरीलँडला परत जाऊन त्यांनी ७०च्या आसपास माणसे सोडवून आणली.

१८५०च्या कायद्याने अशी मदत करणाऱ्याला १००० डॉलरपर्यंत दंड आणि ६ महिन्यांपर्यंत कैद ठरवली. पळालेल्याला उत्तरेतल्या राज्यांतूनही धरून नेता येई. म्हणून पुष्कळांनी थेट कॅनडा गाठला. अशा दिवसांत कागदपत्रे बाळगणे म्हणजे पदरात निखारा बांधणे. तरीही स्टिल लिहीत राहिले. कोण आले, कुठून आले, जुने नाव काय, नवे काय, मागे कोण राहिले. पळालेला माणूस नाव बदलतो. मग त्याच्या आईने, भावाने त्याला शोधावे कसे? पीटरच्या भेटीने या प्रश्नाचे मोल त्यांना कळले होते. वह्या त्यांनी लपवून जपल्या.

१८६५ साली अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली. १८७२ साली या नोंदींचे पुस्तक निघाले. पुढच्याच वर्षी जोतीराव फुल्यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना त्यांनी ते अर्पण केले. त्या सज्जनांत, रात्री दार उघडणारे आणि दिवसा वही लिहिणारे हे हातही होते.