दिवा लागायला सात वर्षं

समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पुरता खुला झाला. ७०१ किलोमीटर लांबी, आणि सपाट पट्ट्यात कारला ताशी १२०ची मुभा. त्यानंतर थोड्याच दिवसांनी भाच्यासोबत एका शोरूममध्ये गेलो होतो. टायरमधली हवा कमी झाली की डॅशबोर्डवर लागणारा दिवा या गाडीत आहे का, असं विचारलं. ‘सर, तो टॉप मॉडेलला येतो,’ विक्रेता म्हणाला आणि पुढे सनरूफबद्दल बोलू लागला. त्या पोराचा काही दोष नाही. पण मला ते फार लागलं. हा दिवा कशातून आला, ते मी जवळून पाहिलेलं आहे.

सुरुवातीची वर्षं भराभर सांगून टाकतो, कारण त्यांत श्रीमंतांच्या हौसेपलीकडे फारसं काही नाही. १९८६ मध्ये पोर्शने ९५९ या महागड्या गाडीत हवेचा दाब मोजणारी यंत्रणा बसवली. नव्वदीच्या दशकात ती आणखी काही महाग गाड्यांत आली. शतक बदलता बदलता फ्रेंच कंपन्यांनी ती मध्यम गाड्यांपर्यंत उतरवली. सर्वसामान्य माणसाला तिचा पत्ताही नव्हता.

खरी गोष्ट २००० साली सुरू होते. तेव्हा मी मिशिगनमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होतो. फेब्रुवारीत ह्यूस्टनच्या एका टीव्ही वाहिनीने दाखवलं की फोर्ड एक्स्प्लोररचे फायरस्टोन टायर धावता धावता सोलले जातात, गाडी उलटते आणि माणसं मरतात. ९ ऑगस्टला फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्या गणपतीत आमच्या मराठी मंडळात आरतीनंतर दुसरा विषयच नव्हता. बायका नवऱ्यांना पार्किंगमध्ये पाठवून टायरवरची अक्षरं वाचायला लावत होत्या. त्याच दिवसांत वॉशिंग्टनमध्ये काँग्रेसच्या सुनावण्या चालू होत्या. सौदी अरेबियात हेच टायर १९९९ मध्येच बदलून दिले जात होते, हे तिथे उघड झालं. म्हणजे दुखणं ठाऊक होतं. अमेरिकेतला मृतांचा सरकारी आकडा पुढे २७१ वर गेला.

वाद हवेवरूनच पेटला. फोर्ड या टायरमध्ये २६ पीएसआय हवा भरायला सांगत होती, फायरस्टोनचं म्हणणं ३० हवी. टायरमध्ये हवा कमी असली की त्याची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते, आतून तापते. रस्ता टेक्सास-ॲरिझोनासारखा तापलेला, गाडी भरलेली आणि वेग मोठा असेल, तर पोलादी पट्ट्यावरचं रबर सुटून येतं. फोर्डने बोट टायरकडे दाखवलं, फायरस्टोनने गाडीकडे. मे २००१ मध्ये फायरस्टोनने फोर्डला टायर देणंच बंद केलं. हेन्री फोर्ड आणि हार्वे फायरस्टोन यांच्यापासून जवळजवळ शतकभर चालत आलेलं नातं तिथे तुटलं.

दरम्यान, १ नोव्हेंबर २००० रोजी क्लिंटन यांच्या सहीने कायदा झाला होता. प्रत्येक नव्या गाडीत हवा कमी झाल्याचा इशारा हवा, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मला वाटलं, झालं काम. पण पुढची सात वर्षं नियमाची ओढाताण पाहण्यात गेली, आणि तिचा राग अजून माझ्या मनात आहे.

यंत्रणा दोन प्रकारच्या. एकीत प्रत्येक चाकात, व्हॉल्व्हपाशी, छोटा सेन्सर असतो. तो दाब मोजून रेडिओने कळवतो. दुसरी स्वस्त. ती एबीएसच्या सेन्सरवरून चाकांचा वेग ताडून पाहते, कारण हवा गेलेलं चाक किंचित लहान होऊन जास्त फेरे घेतं. पण चारही टायरची हवा सारखीच उतरली, तर तुलना कशाशी करायची? त्या काळातल्या या यंत्रणेला ते ओळखता येत नसे. आणि महिनोन्‌महिने न तपासलेल्या गाडीत चारही टायर एकदमच उतरतात. तरी व्हाइट हाऊसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने २००२ मध्ये स्वस्त यंत्रणेसाठी आग्रह धरला, आणि त्या वर्षीच्या नियमात तिला वाट मिळाली. आमच्या कंपनीतले वरिष्ठही तेव्हा सांगत, हवा तपासणं ड्रायव्हरचं काम आहे, आपलं नाही. माणसं मेल्यानंतर हे ऐकवत नव्हतं.

पब्लिक सिटिझन ही ग्राहकांची संघटना कोर्टात गेली. ऑगस्ट २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने तो नियम रद्द केला. एक असो वा चार, टायरचा दाब ठरलेल्यापेक्षा २५ टक्क्यांनी उतरला की दिवा लागलाच पाहिजे, हा नियम एप्रिल २००५ मध्ये आला. १ सप्टेंबर २००७ पासून अमेरिकेत अगदी स्वस्तातली स्वस्त नवी कारसुद्धा या दिव्याशिवाय विकता येईना. युरोपने २०१४ पर्यंत तेच केलं.

या दिव्याने एक चांगली सवय मात्र मारली, त्याचं मला दुःख आहे. ३२ पीएसआयच्या टायरमध्ये २५ टक्के म्हणजे दिवा लागेपर्यंत हवा २४ वर आलेली असते. म्हणून गेज हातात धरून पंपावर थांबणं संपायला नको होतं. माझे वडील पुण्याहून कुठेही निघण्याआधी, टायर थंड असताना, हवा बघत, स्टेपनीचीसुद्धा. आज घाटाखाली थांबणाऱ्या गाड्यांतला क्वचितच कुणी चहाआधी टायरकडे पाहतो.

आणि आपण काय केलं? जुलै २०२० मध्ये केंद्राने नियम बदलला. ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचं किट आणि हा दिवा असेल, तर गाडीत स्टेपनी नसली तरी चालेल. जागा वाचेल, इलेक्ट्रिक गाडीत मोठी बॅटरी बसेल, असं कारण दिलं. किटमधलं रसायन खिळ्याचं भोक बुजवतं. फाटलेल्या बाजूला त्याचा काही उपयोग नाही. जो दिवा तिकडे मृत्यूंमुळे सक्तीचा झाला, तो इकडे स्टेपनी काढून घेण्याची सवलत म्हणून नियमात आला.

ज्यांच्याकडे दिवा आहे, त्यांचीही परवड आहे. टायर काढताना पाना चुकीच्या जागी लागला की व्हॉल्व्हपाशी बसलेला सेन्सर तुटतो. त्यातली बॅटरी काही वर्षांनी संपते आणि बहुतेक सेन्सरमध्ये ती बदलताच येत नाही. नवा सेन्सर महाग, म्हणून मालक पेटलेला दिवा तसाच ठेवून वर्षानुवर्षं गाडी चालवतो.

समृद्धीवर विदर्भातला मे महिना असतो, सिमेंट काँक्रीट असतं आणि तासन्‌तास न थांबता एकाच वेगाने धावणाऱ्या गाड्या असतात. टायर तापायला याहून जास्त काही लागत नाही. त्या रस्त्यावर लग्नाला निघालेलं आख्खं कुटुंब बहुधा बेसिक मॉडेलमध्येच बसलेलं असतं. तिथे हा दिवा सक्तीचा करा, सेन्सरची किंमत आवाक्यात आणा, आणि ते होईपर्यंत प्रत्येक टोलनाक्यावर हवा तपासणारा माणूस बसवा.