मेजर रामा राघोबा राणे : रस्ता मोकळा करणाऱ्याचे शौर्य

शौर्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हातात शस्त्र घेतलेला वीर येतो. आज आपण ज्यांच्याविषयी बोलणार आहोत, त्यांचं काम मात्र सुरुंग काढण्याचं आणि रस्ता मोकळा करण्याचं होतं.

रामा राघोबा राणे यांचा जन्म 26 जून 1918 रोजी कारवारजवळच्या चेंडिया गावी झाला. 1940 मध्ये ते बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले. याच दलाचं केंद्र पुण्याजवळ खडकीला आहे. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशात, आराकानच्या आघाडीवर लढले आणि डिसेंबर 1947 मध्ये अधिकारी झाले.

आता एप्रिल 1948 कडे येऊ. नौशेराहून राजौरीकडे आपलं सैन्य निघालं होतं. वाटेत शत्रूने सुरुंग पेरलेले, झाडं आडवी पाडलेली. रणगाडे पुढे गेल्याशिवाय पायदळाला आधार नाही आणि रस्ता साफ झाल्याशिवाय रणगाडे पुढे जात नाहीत. म्हणजे सगळी मोहीम सॅपर्सच्या हातांवर अडलेली! 8 एप्रिलला काम सुरू होताच उखळी तोफांचा मारा झाला. दोन सॅपर्स ठार झाले, पाच जखमी झाले. जखमींत राणे स्वतः होते. तरी उरलेल्या माणसांना घेऊन त्यांनी काम चालूच ठेवलं.

पुढे तर ते रणगाड्याखाली शिरून सरपटत पुढे सरकले. वर पोलाद, समोर सुरुंग. चालकाला खालचं काही दिसत नाही, म्हणून दोरीच्या इशाऱ्यावर रणगाडा थांबायचा नि चालायचा. 11 एप्रिलला त्यांनी सतरा तास सलग काम केलं. 12 तारखेला सैन्य राजौरीत पोहोचलं.

अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, धैर्य हे भित्रेपणा आणि अविचारी धाडस यांच्या मधलं असतं. राणे यांच्याकडे पाहिलं की हे नीट कळतं. सुरुंग काढणाऱ्याला आवेश परवडत नाही. हात थरथरला की संपलं. भीती असते, पण ती हातापर्यंत पोहोचू द्यायची नाही. शिवाय हे शौर्य मारण्यात नव्हतं, मागून येणाऱ्यांना वाचवण्यात होतं. सैन्याच्या सर्वोच्च सन्मानाने हे काम गौरवलं जावं, यात आपल्या मूल्यविचारासाठी मोठा अर्थ आहे.

त्या युद्धासाठी पाच जणांना परमवीर चक्र मिळालं. त्यांपैकी तिघांना ते मरणोत्तर मिळालं. राणे आणि करम सिंग हे दोघे हयात होते. राणे 1968 मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले, 1994 मध्ये पुण्यात वारले.

आपण विजयाच्या तारखा पाठ करतो. त्या तारखेपर्यंतचा रस्ता कोणी मोकळा केला, हेही कधीतरी विचारावं, एवढंच आजचं सांगणं.