मांडव्यासमोर नांगरावर एक रात्र

जळकोटहून निघून शिडाच्या बोटीवर शनिवार-रविवार घालवता येतो, आणि त्यासाठी रजाही काढावी लागत नाही. शुक्रवारी संध्याकाळी महामार्गाने सोलापूर गाठायचं आणि रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडायची. सकाळी मुंबईत उतरलं की गेटवे ऑफ इंडियाला टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांत पोचता येतं. आमच्या मित्रमंडळातला एकजण मुंबईत नोकरी करता करता शीड हाताळायला शिकला. क्लबातल्या लोकांच्या ओळखीने त्याला बोट मिळते आणि आम्हाला तिच्यावर जागा. मुंबईत हा नाद जुना आहे. गेटवेजवळचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब 1846 सालचा, म्हणजे खुद्द गेटवेपेक्षाही वयाने बराच मोठा.

आमच्याकडच्या माणसाला पाणी माहीत असतं ते नळदुर्गचं. बोरी नदी अडवून बांधलेला पाणीमहाल, पावसाळ्यात नर-मादी धबधब्यांवरून कोसळणारं पाणी, हे पाहत आम्ही लहानाचे मोठे झालो. पण ते पाणी वर्षातून एकदा चढतं आणि मग हळूहळू उतरत जातं. समुद्र दिवसातून दोनदा भरतो, दोनदा ओसरतो. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत हा फरक चार मीटरच्या पुढे जातो. सहलीचा बेत आखायचा तर सगळ्यात आधी हे चढ-उतार हिशेबात धरावे लागतात.

त्याचा हिशेब कोकणातले लोक पिढ्यान्‌पिढ्या तोंडी करत आले आहेत. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. तिथून सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुद्ध आणि वद्य, दोन्ही पक्षांना हेच गणित. नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचं छापील कोष्टक पाहावंच लागतं, पण भिंतीवरच्या कालनिर्णयवरून बेत ठरवायला एवढं पुरतं.

समजा शनिवारी तृतीया आहे. भरती सव्वादोनला. त्या सुमारास खारे वारेही धरतात, कारण उन्हाने तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा येतो. मुंबईत तो बहुधा वायव्येकडून असतो. आम्हाला जायचं ते मांडवा गेटवेच्या दक्षिणेला, सरळ रेषेत सुमारे आठ सागरी मैल, म्हणजे पंधराएक किलोमीटर. म्हणजे वारा मागून, उजव्या अंगाने. आणि ओसरणारं पाणीही बंदरातून बाहेर, आपल्याच वाटेने निघालेलं. मग शीड सैल सोडून निवांत बसायचं. इंजिन बंद झाल्यावर नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, पाणी फुटल्याचा आवाज येतो आणि बोलणारे आपोआप हळू बोलू लागतात. बेताचा वारा असला तर दोन-अडीच तासांत मांडवा.

मांडव्याच्या दक्षिणेला, थळसमोर खांदेरी बेट आहे. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी त्यावर किल्ला बांधायला घेतला तेव्हा इंग्रजांनी जहाजांनी वेढा घातला. मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ पाण्यात चालणाऱ्या आणि वल्ह्यांनी हाकता येणाऱ्या होत्या. रात्रीच्या अंधारात त्या इंग्रजी जहाजांना चुकवून बेटावर सामान पोचवत राहिल्या. वारा पडल्यावर शिडाची बोट कशी जागच्या जागी खिळते, हे एकदा अनुभवलं की त्या वल्ह्यांचं मोल कळतं. 2025 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या किल्ल्यांत खांदेरीही आहे.

आता नांगर. सहलीतला सगळा आराम यावर उभा असतो, आणि तरी नवख्यांचं लक्ष इथेच सगळ्यात कमी असतं. पाच वाजता पोचलात, खोली पाच मीटर भरली. ओहोटी अजून चालू आहे. सव्वाआठपर्यंत पाणी आणखी दोनएक मीटर उतरेल. तेव्हा बोटीचं बूड तळाला टेकता कामा नये. मग रात्री अडीचच्या पुढे भरती येईल आणि खोली सात मीटर होईल. त्यात नाळेची पाण्यावरची उंची एक मीटर मिळवा. झाले आठ. त्याच्या निदान पाचपट, म्हणजे चाळीस मीटर, साखळी नि दोर सोडायचा. इतका का? कारण नांगर नुसत्या वजनावर धरत नाही. ओढ तळाला समांतर आली तरच त्याचे फाळ चिखलात रुततात. दोर आखूड पडला की ओढ वर जाते आणि नांगर उपसून निघतो.

टाकायची रीतही ठरलेली. नाळ वाऱ्याकडे करून बोट थांबवायची, नांगर हातात धरून खाली सोडायचा, फेकायचा नाही. बोट मागे सरकू लागली की दोर थोडा थोडा देत राहायचं. शेवटी इंजिन उलटं चालवून ओढून पाहायचं. दोरावर तळहात ठेवला तर कळतं: नांगर घसरत असेल तर दोर थरथरतो, रुतला असेल तर ताठ आणि शांत लागतो. मग किनाऱ्यावरचं एखादं झाड आणि त्याच्या मागचं घर एका रेषेत धरून ठेवायचं. ती रेषा मोडली तर का मोडली ते लगेच पाहायचं.

दाव्याला बांधलेला बैल जसा खुंट्याभोवती चरत फिरतो, तशी बोट रात्रभर नांगराभोवती फिरते. पाणी उलटलं की तोंडही उलटं. तेवढं वर्तुळ मोकळं हवं. मांडव्याला याची जास्तच काळजी घ्यावी लागते, कारण दुपारचा वारा थेट किनाऱ्याकडे लोटतो. म्हणून जेट्टी आणि ये-जा करणाऱ्या फेरींची वाट सोडून, किनाऱ्यापासून चांगलं लांब थांबायचं. वारा जोराचा असेल तर रात्रीचा बेत सोडून देणंच शहाणपणाचं. अंधार पडताच वर पांढरा दिवा लावायचा, तो चहूकडून दिसला पाहिजे.

हे सगळं नीट झालं की मग खरी सुट्टी. आमच्याकडची कडक भाकरी, शेंगाचटणी आणि कांदा बोटीवर फार उपयोगी पडतात. ना तापवायची भानगड, ना सांडायची, आणि पोटात ढवळत असलं तरी कोरडा घास जातो. साडेसात-आठला वारा पडतो, बोट संथ होते. गप्पा लांबतात; पण पाळी लावून एकाने जागं राहायचंच, आणि पाळीवाल्याने दर थोड्या वेळाने दोराला हात लावून यायचं.

परतीला खारा वारा समोरून येतो, मग नागमोडी वळणं घेत दुप्पट वाट कापावी लागते. त्याऐवजी पहाटेचा मतलई वारा घ्यावा. तो जमिनीवरून, बाजूने मिळतो. पण तृतीयेच्या पहाटे ओहोटी चालू असते, पाणी उलटं ओढतं; ती सरेपर्यंत थांबलो तर वारा विरतो. अशा वेळी आम्ही आठच्या आसपास निघतो. ओहोटीचा जोर ओसरलेला असतो, थोडा मतलई शिल्लक असतो, आणि वाटेत तो पडलाच तर नऊनंतरची भरती बोटीला बंदराच्या दिशेने सावकाश आत घेऊन येते.

मोसम पावसाळा संपल्यापासून मेपर्यंतचा. नवख्यांनी जाणत्या माणसाशिवाय निघू नये, आणि लाइफ जॅकेट अंगातून काढू नये. बोटवाला मित्र नसेल तर मुरूडजवळच्या राजपुरी धक्क्यावर जावं. तिथल्या शिडाच्या होड्या प्रवाशांना जंजिऱ्याला नेतात. सुकाणूवाल्याच्या जवळची जागा धरून बसावं, आणि वारा बदलला की तो आधी शिडाकडे बघतो की पाण्याकडे, ते नीट पाहावं.