अंडे निळे, बलक तोच

धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगररांगेत येरमाळा आहे. चैत्र पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तिथे येडेश्वरीची पालखी डोंगरावरून खाली येते आणि भर उन्हात लाखो भाविक रानात वाकून चुनखडीचे पांढरे खडे वेचतात. त्या खड्यांमागची श्रद्धा ज्याची त्याची. त्यांचे रसायनशास्त्र मात्र सगळीकडे एकच असते: चुनखडी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आणि त्याच गावात सकाळी खुराड्यातली कोंबडी जे अंडे घालते, त्याच्या कवचाचा सुमारे ९५ टक्के भागही कॅल्शियम कार्बोनेटच असतो. हा पदार्थ मुळात पांढरा. मग काही अंडी तपकिरी का होतात? आणि दक्षिण अमेरिकेतल्या एका जातीच्या कोंबड्या चक्क निळी अंडी कशा घालतात?

प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. अंड्याच्या रंगावर आपल्याकडे भाव ठरतो. पांढरे ते ‘इंग्लिश’ किंवा ‘बॉयलर’चे, म्हणून निःसत्त्व, तपकिरी ते गावरान, म्हणून ताकदीचे, असा समज शहरात आहे तसाच खेड्यातही आहे. बाळंतीण, आजारातून उठलेला माणूस, अंगावर न धरणारे मूल यांच्यासाठी घरची माणसे ओढाताण करून महागडी अंडी आणतात. या समजात तथ्य किती, हे निळ्या अंड्याच्या गोष्टीतून फार चांगले कळते.

चिलीची कोंबडी

दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात मापुचे नावाचे आदिवासी लोक राहतात. त्यांच्याकडच्या कोंबड्या निळी अंडी घालतात. स्पॅनिश कुक्कुटतज्ज्ञ साल्वादोर कास्तेयो यांनी १९१४ साली त्या चिलीत पाहिल्या आणि १९२१ साली नेदरलँड्समधील हेग येथे भरलेल्या जागतिक कुक्कुट परिषदेत त्यांची माहिती मांडली. पुढे ही जात ‘अरौकाना’ नावाने जगभर गेली. कास्तेयो यांनी वर्णन केलेल्या कोंबडीला शेपूट नव्हते, कानांजवळ पिसांचे झुबके होते आणि अंडे निळे होते. नंतर लक्षात आले की ही मुळात एक जात नव्हती. बिनशेपटीची, निळी अंडी घालणारी एक आणि झुबक्यांची दुसरी, अशा दोन जातींचा तो संकर होता.

या झुबक्यांची किंमत मोठी आहे. झुबक्याचे जनुक आई आणि बाप दोघांकडून आले, तर पिल्लू अंड्यातच मरते. निळ्या रंगाच्या जनुकात असा धोका नाही. हे जनुक प्रभावी असते, म्हणजे आईबापांपैकी एकाकडून आले तरी पुरते. १९३३ साली हे दाखवून दिले रेजिनाल्ड पनेट यांनी. जीवशास्त्राच्या पुस्तकात विद्यार्थी जो ‘पनेट चौकोन’ मांडतात, तो याच शास्त्रज्ञाच्या नावाचा.

पक्ष्यांच्या जगात निळे अंडे तसे दुर्मीळ नाही. आपल्याकडची साळुंकी निळी अंडी घालते. सातभाईचे अंडे गडद निळसर असते आणि त्याच्या घरट्यात गुपचूप अंडे टाकणाऱ्या चातकाचेही त्याच रंगाचे. कोंबड्यांत मात्र निळा रंग अपवादाने सापडतो. आपल्या गावरान कोंबड्यांची अंडी साधारणपणे पांढुरक्या रंगापासून फिकट तपकिरीपर्यंत असतात.

मुक्या माराचा रंग

कोंबडीच्या पोटात अंडे तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात. त्यातले सुमारे २० तास अंडे कवच तयार करणाऱ्या ग्रंथीत, म्हणजे कोंबडीच्या गर्भाशयात असते. या वेळात कोंबडी अंड्याभोवती सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम बसवते. त्यातले काही ती खाद्यातून घेते, काही थेट स्वतःच्या हाडांतून. म्हणून अंड्यावरची कोंबडी खडे, शिंपल्यांचा चुरा, चुन्याचे कण वेचत फिरते. खाद्यात चुना कमी पडला, तर कवच पातळ होते आणि पुढे कोंबडीची हाडेही ठिसूळ होतात.

रंग या कवचातच मिसळतो. तपकिरी रंग प्रोटोपॉर्फिरिन नावाच्या द्रव्याचा. त्याचा बहुतेक भाग शेवटच्या काही तासांत वरच्या थरावर बसतो. म्हणून तपकिरी अंडे फोडले की कवच आतून पांढरे दिसते. निळा रंग बिलिव्हर्डिनचा. तो कवच बनताना सुरुवातीपासून मिसळत जातो. म्हणून निळे अंडे फोडले, तर कवच आतूनही निळे असते. आतला बलक मात्र पिवळा आणि त्याभोवतीचा भाग पांढराच.

बिलिव्हर्डिन हे नाव अनोळखी असले, तरी त्याचा रंग प्रत्येकाने स्वतःच्या अंगावर पाहिलेला असतो. मुका मार लागला की कातडीखाली रक्त साकळते. डाग आधी काळानिळा, मग हिरवट, मग पिवळा होत नाहीसा होतो. त्यातला हिरवट रंग बिलिव्हर्डिनचा. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा ‘हीम’ हा घटक मोडला की बिलिव्हर्डिन तयार होते आणि त्यापासून पिवळे बिलिरुबिन. हेच बिलिरुबिन शरीरात साठले की कावीळ दिसते. नवजात बाळाला कावीळ वाढल्यामुळे निळ्या प्रकाशाखाली ठेवतात, तेही बिलिरुबिन बाहेर टाकणे सोपे जावे म्हणून. अंड्याच्या तपकिरी रंगाचे द्रव्य तर हीम तयार होण्याच्या साखळीतलीच आधीची पायरी. थोडक्यात, तपकिरी आणि निळा हे दोन्ही रंग एकाच कारखान्यातले: एक हीम बनताना तयार होतो, दुसरा हीम मोडताना.

विषाणूची जुनी खूण

मग हे द्रव्य काहीच कोंबड्यांच्या कवचात का उतरते? याचे उत्तर २०१३ साली मिळाले. दोन वेगवेगळ्या संशोधक गटांनी निळी अंडी घालणाऱ्या कोंबड्यांची जनुके तपासली, तेव्हा त्यांत एका रेट्रोव्हायरसचा तुकडा अडकलेला आढळला. रेट्रोव्हायरस म्हणजे आपली जनुके यजमान पेशीच्या डीएनएमध्ये घुसवणारा विषाणू. पूर्वी केव्हा तरी असा तुकडा कोंबडीच्या बीजपेशींत शिरला आणि पिढ्यान्‌पिढ्या पुढे जात राहिला.

हा तुकडा ज्या जनुकाशेजारी बसला, त्याचे नेहमीचे काम यकृतात असते. पित्तातले घटक पेशीच्या आत-बाहेर वाहून नेणारे प्रथिन ते बनवते. विषाणूच्या तुकड्यामुळे हे जनुक कोंबडीच्या गर्भाशयातही चालू झाले आणि बिलिव्हर्डिन कवचात उतरू लागले. चीनमधल्या काही कोंबड्याही निळी अंडी घालतात. त्यांच्यातही तसाच तुकडा त्याच जनुकाशेजारी आहे, पण किंचित वेगळ्या जागी. म्हणजे एकच अपघात जगाच्या दोन टोकांना स्वतंत्रपणे घडला.

याच प्रकारचे प्रथिन माणसाच्या यकृतातही आहे. ते आणि त्याचे जोडीदार प्रथिन, ही दोन्ही जन्मतः निकामी असली, तर ‘रोटर सिंड्रोम’ होतो. अशा माणसाचे डोळे आयुष्यभर थोडे पिवळसर दिसतात, पण त्याला त्रास नसतो आणि उपचारांचीही गरज नसते. कोंबडीच्या कवचाचा रंग शोधताना हाती लागलेला धागा असा थेट माणसाच्या यकृतापर्यंत पोहोचतो.

‘विषाणू’ हा शब्द ऐकून निळे अंडे खावे की नाही, अशी शंका येणे साहजिक आहे. पण हा जिवंत विषाणू नव्हे. तो कोणाला लागत नाही. माणसाच्या डीएनएचा सुमारे ८ टक्के भागही अशाच जुन्या रेट्रोव्हायरसांच्या अवशेषांनी बनलेला आहे. गर्भवतीच्या शरीरात वार तयार होण्यासाठी लागणारे एक महत्त्वाचे प्रथिन तर अशाच प्राचीन विषाणूची देणगी आहे.

रंग कोंबडीचा, सत्त्व दाण्याचे

इतके सगळे घडते ते कवचात. बलकाला त्याची खबरही नसते. निळ्या अंड्यात कोलेस्टेरॉल कमी असते, अशी अरौकानाची जाहिरात पूर्वी परदेशात बरीच झाली. प्रत्यक्ष मोजल्यावर ती खरी ठरली नाही. पांढऱ्या आणि तपकिरी अंड्यांचेही तेच. सुमारे ५० ग्रॅमच्या अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपास उत्तम दर्जाची प्रथिने, साधारण ७० कॅलरी, शिवाय ब-१२, अ आणि ड जीवनसत्त्वे आणि मेंदूच्या वाढीला लागणारे कोलीन असते. कवच कोणत्याही रंगाचे असो, हा हिशेब फारसा हलत नाही.

फरक पडतो तो कोंबडीच्या खाण्यामुळे. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला किडे, हिरवा पाला, दाणे मिळतात. त्यामुळे तिचा बलक गडद केशरी होतो, काही जीवनसत्त्वे थोडी वाढू शकतात, चवही अनेकांना आवडते. पण पिंजऱ्यातल्या कोंबडीलाही मका किंवा झेंडूचा अर्क खाऊ घातला की बलक तसाच गडद होतो. आणि गावरान अंडे बहुधा आकाराने लहान असते, म्हणजे त्यात प्रथिनेही थोडी कमी. ‘बॉयलरचे अंडे’ हा शब्द तर मुळातच चुकीचा आहे. ब्रॉयलर कोंबडी मांसासाठी पाळतात. बाजारातली पांढरी अंडी लेअर कोंबड्यांची असतात.

रंगाच्या या ओढीचा फायदा घेणारेही असतात. पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवून गावरान म्हणून खपवली जातात. ओल्या फडक्याने चोळल्यावर रंग फडक्याला लागला, तर शंका घ्यावी. कडकनाथच्या बाबतीत तर याहून मोठा धडा मिळालेला आहे. या कोंबडीचे मांस काळे असते, अंडे नव्हे. ते फिकट बदामी असते. तरीही तिच्या औषधी गुणांच्या गाजावाजावर २०१९ च्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. उद्या कोणी निळ्या अंड्यांची महागडी पिल्ले घेऊन दारात आला, तर हे आठवावे. हौस म्हणून पाळायला हरकत नाही. औषध म्हणून नको.

ताटात किती?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार माणशी वर्षाला १८० अंडी खाल्ली जावीत. २०२२-२३ साली देशात माणशी उपलब्ध होती सुमारे १०१. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. अशा घरांत प्रश्न कवचाच्या रंगाचा नसतो, संख्येचा असतो. पांढरे अंडे ७ रुपयांना आणि गावरान १४ रुपयांना मिळते असे धरू. ८४ रुपयांत एका घरात १२ अंडी येतील, दुसऱ्या घरात ६. पोराच्या पोटात जाणारी प्रथिनेही त्याच प्रमाणात निम्मी होतील.

ज्यांच्या दारात कोंबड्या आहेत, त्यांचे गणित वेगळे आहे. गावरान अंड्याला मिळणारा चढा भाव ही अनेक बायकांच्या हातातली हक्काची कमाई आहे, आणि ती मिळायलाच हवी. अडचण तेव्हा होते, जेव्हा सगळी अंडी बाजाराला जातात आणि घरातली गरोदर सून किंवा दोन वर्षांचे मूल तसेच राहते. दहा विकावीत, पण दोन घरात ठेवावीत. किंवा दहाच्या दहा गावरान विकून त्याच पैशातली थोडी पांढरी अंडी घरी आणावीत. त्यात कमीपणा काही नाही आणि तोटाही नाही.

अंडी खाणाऱ्या घरांनी चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. बाळाला सहा महिने पूर्ण झाल्यावर वरच्या आहारात नीट उकडलेले अंडे थोडेथोडे सुरू करता येते. पहिल्यांदा दिल्यावर अंगावर पित्त उठले, ओठ सुजले किंवा उलट्या झाल्या, तर पुन्हा न देता डॉक्टरांना दाखवावे. श्वासाला त्रास झाला तर लगेच दवाखाना गाठावा. दुधात कच्चे अंडे फेटून पिण्याची तालमीतली पद्धत सोडलेली बरी. त्यातून साल्मोनेला जंतूंची बाधा होऊ शकते आणि कच्च्या अंड्यातली सुमारे निम्मीच प्रथिने अंगी लागतात. तडकलेले किंवा विष्ठा लागलेले अंडे लहान मुलांना, गरोदर बाईला आणि म्हाताऱ्या माणसांना देऊ नये.

आणि एक गैरसमज. अंड्याने ‘रक्त वाढते’ असे म्हणतात. पण अंड्यातले लोह शरीराला फारसे घेता येत नाही. याच सर्वेक्षणात राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्यांच्यासाठी अंडे हे प्रथिनांसाठी आणि ब-१२ साठी चांगले. पण सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लोहाच्या गोळीची जागा ते घेऊ शकत नाही. ती गोळी चहासोबत न घेता लिंबूपाण्यासोबत घ्यावी आणि अंडे जेवणात खावे. सोलल्यावर कवच कोणत्या रंगाचे होते, हे कोणाला आठवणारही नाही.