गेस्ट कर्नल आणि हायपरव्हायझर : कमी बोलण्याचं तंत्र

मराठी नाट्यरसिकांना बंगळूरचं जे. पी. नगर ठाऊक असतं ते रंगशंकरामुळे. शंकर नाग यांच्या स्मरणार्थ अरुंधती नाग यांनी उभं केलेलं हे नाट्यगृह २००४पासून तिथल्या दुसऱ्या फेजमध्ये आहे. त्याच वस्तीच्या चौथ्या फेजमध्ये, बन्नेरघट्टा रस्त्याच्या अंगाला, ‘कल्याणी विस्टा’ नावाचं संकुल आहे. अनेक वर्षं तिथे व्हीएमवेअर या कंपनीचं संशोधन आणि विकासाचं मोठं केंद्र होतं. नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रॉडकॉमनं ही कंपनी विकत घेतली. मालकी बदलली, तरी एकाच यंत्रावर अनेक ऑपरेटिंग सिस्टिम एकत्र नांदवण्याच्या विद्येत तिचं नाव कायम घेतलं जाईल.

ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. त्याची सारी घडण एका समजुतीवर उभी असते, की हे यंत्र माझं एकट्याचं आहे. हायपरव्हायझर हा त्याच्याही खालचा थर. एका सर्व्हरवर तो असे कितीतरी कर्नल ‘गेस्ट’ म्हणून चालवतो आणि प्रत्येकाची ही समजूत सांभाळतो. मायक्रोसॉफ्टनं २०१५मध्ये पुण्यात आणि ॲमेझॉननं २०१६मध्ये मुंबईत क्लाउड केंद्रं सुरू केली. तिथे भाड्यानं मिळणारी बहुतेक ‘यंत्रं’ अशी व्हर्च्युअल मशीनच असतात.

ही समजूत सांभाळणं इंटेलच्या जुन्या प्रोसेसरवर फार अवघड होतं. पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी १९७४मध्येच नियम मांडला होता : यंत्राच्या स्थितीला हात घालणारी प्रत्येक सूचना हायपरव्हायझरला अडवता आली पाहिजे. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये या नियमात न बसणाऱ्या १७ सूचना निघाल्या. कमी अधिकार असलेल्या कर्नलनं त्यातली एखादी चालवली, की प्रोसेसर तक्रारही करत नसे. कधी कधी हुकूम गुपचूप सोडूनही देई. १९९९मध्ये आलेल्या व्हीएमवेअर वर्कस्टेशननं यावर तोड काढली. गेस्ट कर्नलच्या सूचना चालता चालता तपासायच्या आणि धोक्याच्या असतील त्या बदलून टाकायच्या. गेस्टला याचा पत्ताही नसे.

केंब्रिजच्या ‘झेन’ प्रकल्पानं २००३मध्ये उलट वाट धरली. गेस्टला सरळ सांगून टाकायचं, की तू गेस्ट आहेस. आणि हवं ते हायपरव्हायझरकडे मागण्यासाठी त्याला एक ठरावीक हाक द्यायची. ही हाक म्हणजे हायपरकॉल. माझ्या मते या विषयातलं सर्वांत मोठं वळण हेच. व्हीएमवेअरनंही पुढे ‘व्हीएमआय’ नावाचा स्वतःचा संकेत लिनक्सपुढे ठेवला. प्रत्येक कंपनीचा वेगळा संकेत कर्नलमध्ये नको, या आग्रहातून ‘पॅराव्हर्ट ऑप्स’ हा सामाईक सांधा तयार झाला आणि २००७च्या २.६.२० आवृत्तीत तो लिनक्समध्ये आला.

दरम्यान इंटेल आणि एएमडीनं व्हर्च्युअलायझेशनची सोय प्रोसेसरमध्येच दिली. मग बोलण्याची गरज उरली का? उरली, आणि तिचं कारण खर्चात आहे. गेस्टमधून हायपरव्हायझरकडे जाताना प्रोसेसरला सगळी अवस्था बाजूला ठेवावी लागते आणि परतताना ती पुन्हा मांडावी लागते. व्हीएमवेअरच्याच ॲडम्स आणि एगेसन यांनी २००६मध्ये मोजलं, तेव्हा पेंटियम ४वर नुसतं गेस्टमध्ये शिरायला सुमारे २,४०० सायकल (प्रोसेसरचे ठोके) लागत होत्या. कोअर २ ड्युओवर हा आकडा ९००च्या घरात आला. आज तो आणखी उतरला आहे, पण सेकंदाला लाखो पॅकेट हाताळणाऱ्या नेटवर्क कार्डासाठी एवढाही खर्च भारी पडतो. म्हणून इथली सगळी हुशारी कमीत कमी बोलण्यात आहे.

ओळख पहिल्यांदा पटते ती अशी. कर्नल सुरू होताना ‘सीपीयूआयडी’ या सूचनेनं प्रोसेसरला विचारतो, खाली कोणी आहे का? हायपरव्हायझर असला, तर ठरलेल्या जागी बारा बाइटची सही मिळते. व्हीएमवेअर आपलं नाव दोनदा लिहितं, लिनक्समधला हायपरव्हायझर केव्हीएम तीनदा. व्हीएमवेअरच्या गेस्टसाठी आणखी एक जुनी वाट आहे. एका रजिस्टरमध्ये ठरलेला आकडा ठेवून हेक्साडेसिमल ५६५८ क्रमांकाचं पोर्ट वाचायचं. असं उपकरण प्रत्यक्षात नसतंच. ते वाचन हायपरव्हायझर मध्येच पकडतो आणि उत्तर देतो.

मोठ्या देवाणघेवाणीसाठी मात्र दोघांना दिसणारी मेमरी वापरतात. ऑस्ट्रेलियाचे रस्टी रसेल यांनी मांडलेला ‘व्हर्टआयओ’ आज याचा सर्वमान्य नमुना आहे. त्याची १.० आवृत्ती ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं प्रसिद्ध केली. गेस्ट एका वर्तुळाकार यादीत लिहितो, की डेटा अमुक पत्त्यावर, इतक्या लांबीचा आहे. होस्ट (म्हणजे हायपरव्हायझरची बाजू) तो उचलतो आणि काम झाल्याची नोंद दुसऱ्या यादीत करतो. शंभर पॅकेट ठेवून होस्टला एकदाच ‘किक’ मारली, म्हणजे इशारा दिला, तरी चालतं. त्याहून सुंदर भाग असा, की आपल्याला पुढचा इशारा कुठल्या नोंदीनंतर हवा हे प्रत्येक बाजू दुसरीला लिहून कळवू शकते. होस्ट आधीच कामात असेल, तर गेस्ट गप्प राहतो. व्हीएमवेअरचं २००९चं व्हीएमएक्सनेट३ हे नेटवर्क कार्डही अशाच सामाईक याद्यांवर चालतं.

बंगळूरमध्येच झालेल्या एका कामाबद्दल जरा सविस्तर सांगायलाच हवं, कारण ते दिसायला लहान आणि फार विचारपूर्वक केलेलं आहे. कर्नलमधला सामाईक डेटा एका वेळी एकाच प्रोसेसरनं हाताळावा, म्हणून स्पिनलॉक, म्हणजे एक प्रकारचं कुलूप, असतो. २००८पासून लिनक्समध्ये तो टोकन पद्धतीनं मिळू लागला. बँकेतल्यासारखाच : ज्याचा नंबर त्याचीच पाळी. खऱ्या यंत्रावर हा न्याय उत्तम चालतो. व्हर्च्युअल यंत्रात मात्र ज्याची पाळी आली, त्याच व्हर्च्युअल प्रोसेसरला हायपरव्हायझरनं नेमकं बाजूला बसवलेलं असू शकतं. मग मागचे सगळे जागेवर घिरट्या घालत खरा प्रोसेसर जाळत राहतात, आणि पाळीवाल्याला जागा मिळायला त्यामुळेच आणखी उशीर होतो.

झेनसाठी जेरेमी फिट्झहार्डिंग यांनी यावर उपाय रचला होता. केव्हीएमसाठी तो पुढे नेला आयबीएमच्या बंगळूरमधल्या लिनक्स टेक्नॉलॉजी सेंटरच्या अभियंत्यांनी. वाट पाहणारा ३२,७६८ फेऱ्यांपर्यंत घिरट्या घालतो. तरी पाळी आली नाही, तर कुलपावर एक बिट उठवून झोपी जातो. कुलूप सोडणारा तो बिट पाहतो. उठवलेला असेल, तरच हायपरकॉल करून पुढच्याला जागं करायला सांगतो. नसेल, तर हायपरव्हायझरला कळवतही नाही. पुन्हा पुन्हा दुरुस्त होत हे काम २०१३मध्ये लिनक्स ३.१२मध्ये दाखल झालं. दोनच वर्षांत कुलपाची रचना बदलली, पण झोपायचं आणि हायपरकॉलनं उठवायचं, ही युक्ती नव्या रचनेतही टिकली.

हायपरव्हायझरकडून गेस्टकडे येणारी एक माहिती मात्र कोणीही रोज पाहू शकतो. आपल्याला धावायचं होतं, पण प्रोसेसर दुसऱ्याला दिला गेला, असा किती वेळ गेला हे गेस्टला स्वतःहून अचूक कळत नाही. हायपरव्हायझर तो आकडा सामाईक मेमरीत लिहून ठेवतो. केव्हीएमच्या लिनक्स गेस्टना हे बऱ्याच आधीपासून मिळतं, व्हीएमवेअरच्या गेस्टना २०२०च्या ५.७ आवृत्तीपासून. भाड्याच्या सर्व्हरवर ‘टॉप’ ही आज्ञा दिली, की ‘एसटी’ या अक्षरांशेजारी दिसतो तो हाच आकडा. तो सतत दहा-पंधरा टक्क्यांवर दिसत असेल, तर आपला प्रोग्रॅम तपासण्याआधी सर्व्हर देणाऱ्याला विचारावं, की एका यंत्रावर किती जणांना बसवलं आहे.