गिटार तीच, आवाज मात्र नवा!

घरी गोड वाजणारी गिटार रंगमंचावर चढली की मुकी का होते? नवी, महागडी गिटार घेण्याआधी पायाशी ठेवायच्या दोन छोट्या डब्यांची ओळख करून घेतलेली बरी.

गणेशोत्सवातल्या करमणुकीच्या कार्यक्रमात हमखास दिसणारे हे दृश्य. सोसायटीच्या मुलांनी महिनाभर गच्चीवर तालीम करून गाणी बसवलेली असतात. कीबोर्ड, ड्रम, बेस, दोन गायक आणि एक गिटारवादक. पडदा उघडतो, पहिले गाणे सुरू होते. गिटारवर बोटे झरझर फिरताना दिसतात, पण ऐकू मात्र काहीच येत नाही. मुलगा वैतागून आवाज वाढवतो, तर सूर येण्याऐवजी मंडपभर 'घूंऽऽ' असा आवाज घुमतो. प्रेक्षक कानावर हात ठेवतात आणि पुढच्या रांगेत बसलेल्या त्याच्या आईचा जीव खालीवर होतो.

रात्री घरी निकाल लागतो, "ही गिटारच हलकी आहे. नवी घ्यायला हवी." बाबा मुकाट्याने महिन्याचा हिशेब मांडू लागतात. इंदूर असो, बडोदे असो की पुणे, गिटार शिकणारे मूल ज्या घरात आहे, त्या घरात हा प्रसंग आज ना उद्या येतोच.

पण बऱ्याचदा दोष गिटारचा नसतो. तारेपासून स्पीकरपर्यंतच्या वाटेत तिचा आवाज कुठेतरी हरवलेला असतो. तो सावरण्याचे काम दोन उपकरणे करतात, प्रीॲम्प आणि इक्वलायझर.

जवारीचेच भावंड

नादाला आकार देणे ही काही विलायती कल्पना नव्हे. मिरजेच्या तंबोऱ्याला तर २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथले कारागीर घोडीचा पृष्ठभाग कानस घेऊन तासन् तास घासत बसतात, कशासाठी? तार तीच, सूर तोच, पण जवारी नीट लागली की त्यातले वरचे स्वरांश उमलतात आणि तंबोरा बोलू लागतो. तारेखाली सुताचा दोरा सरकवून गवई तो नाद आणखी खुलवतात. जवारी खुली की बंद, यावर सतारीचे व्यक्तिमत्त्व ठरते.

विजेवर चालणाऱ्या गिटारच्या बाबतीत हेच काम विजेच्या प्रवाहावर करावे लागते. कोणत्याही तारेतून एकच कंपन निघत नाही. मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे स्वरांशही निघतात. त्यातले कोणते पुढे आणायचे आणि कोणते मागे ठेवायचे, याला वादक 'टोन घडवणे' म्हणतात.

प्रीॲम्प करतो काय?

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप असतो, म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती हजारो वेढ्यांची बारीक तार. पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज निर्माण होते. ही वीज फारच नाजूक, जेमतेम व्होल्टच्या काही अंशाएवढी. तिला लांबलचक केबलमधून पाठवले, की उंच स्वरांश वाटेतच गळून पडतात आणि आवाज गोधडीतून आल्यासारखा मंद होतो. तीन मीटरची केबल काढून दहा मीटरची लावून पाहिली, तर हा फरक नवख्या कानालाही कळतो.

'प्री' म्हणजे आधी. मुख्य ॲम्प्लिफायरच्या आधी हा नाजूक संदेश झेलून त्याला बळ देणारा तो प्रीॲम्प. प्रीॲम्प पिकअपवर भार टाकत नाही. त्याच्यातून बाहेर पडणारा संदेश मात्र इतका सशक्त असतो, की पुढच्या केबलने त्याचे फारसे बिघडत नाही.

लाकडी पेटीच्या ॲकॉस्टिक गिटारमध्ये तर प्रीॲम्पवाचून भागतच नाही. अशा बहुतेक गिटारींमध्ये तारा टेकतात त्या पट्टीखाली पायझो जातीचा पिकअप बसवलेला असतो. त्याचा संदेश साध्या मिक्सरमध्ये थेट जोडला, तर खालचे सूर गळतात आणि आवाज पत्र्यासारखा पातळ येतो. म्हणूनच गिटारच्या कडेला सरकत्या कळांची चौकोनी पट्टी आणि बॅटरीचा कप्पा असतो. कित्येक घरांत त्या कळांना दुकानातून आणल्यापासून कुणी हातही लावलेला नसतो!

शेकोटीच्या लाकडाची गिटार

मोठ्या वादकांचे मोठेपण महागड्या वाद्यात असते, हा समज खोटा ठरवणारे उदाहरण म्हणजे 'क्वीन' या ब्रिटिश बँडचा गिटारवादक ब्रायन मे. पाचगणीच्या शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी याच बँडचा गायक. हवी ती गिटार परवडत नव्हती, म्हणून १९६३ मध्ये ब्रायन आणि त्याचे इलेक्ट्रॉनिक्स जाणणारे वडील हॅरॉल्ड यांनी घरीच गिटार बनवायला घेतली. दांडीसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड, स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या, पट्टीवरचे ठिपके म्हणजे शिंपल्याची बटणे आणि कंप देण्याच्या दांड्याच्या टोकाला विणकामाच्या सुईचे टोक. बापलेकांची ही गिटार दोनेक वर्षांत तयार झाली आणि ब्रायनने ती पुढे जगभर वाजवली.

पण त्याच्या त्या झळाळत्या, गाणाऱ्या आवाजाचे श्रेय एकट्या लाकडाला नाही. आयरिश गिटारवादक रोरी गॅलघर यांच्या सल्ल्यावरून त्याने व्हॉक्स एसी-३० या ॲम्प्लिफायरच्या आधी 'ट्रेबल बूस्टर' नावाची एक छोटी डबी जोडली. उंच स्वरांश वाढवून पुढे ढकलणे, एवढेच तिचे काम. म्हणजे प्रीॲम्प आणि इक्वलायझर यांचा तो एका डबीतला संगमच. खगोलभौतिकीत २००७ मध्ये डॉक्टरेट मिळवणाऱ्या या वादकाने आपला आवाज ओळखीचा केला, तो अशा साध्या साधनांनी.

दुसरी हकिकत 'इकोप्लेक्स' या यंत्राची. फितीच्या साह्याने प्रतिध्वनी देणाऱ्या या यंत्राची ईपी-३ ही आवृत्ती १९७० च्या सुमारास आली. वादकांच्या लक्षात आले, की प्रतिध्वनी नको असला तरी गिटार नुसती या यंत्रातून नेली की आवाज अधिक भरीव होतो. ती किमया आतल्या प्रीॲम्पची होती. पुढे नुसता तो प्रीॲम्पच वेगळ्या पेडलच्या रूपात विकला जाऊ लागला.

सात कळांची बाराखडी

इक्वलायझर हा शब्द टेलिफोनच्या जगातून आला. लांब पल्ल्याच्या तारांतून जाताना आवाजातल्या काही कंपनसंख्या जास्त क्षीण होत. त्या पुन्हा सारख्या, म्हणजे 'इक्वल', करण्यासाठी जी योजना केली गेली, तो इक्वलायझर. गिटारवादकाच्या पायाशी असलेले पेडल ही त्याचीच धाकटी पाती. कळा वरखाली सरकवल्या की त्यांची नक्षी आवाजाचा आलेखच दाखवते, म्हणून याला 'ग्राफिक' इक्वलायझर म्हणतात.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेले बॉस कंपनीचे जीई-७ हे या प्रकारातले प्रसिद्ध पेडल. त्यात १०० हर्ट्झपासून ६,४०० हर्ट्झपर्यंत, प्रत्येक वेळी दुप्पट होत जाणाऱ्या सात कळा आहेत. प्रत्येक कळ १५ डेसिबल वाढवते वा घटवते. १५ डेसिबल म्हणजे विद्युतदाब साडेपाच पटीहून जास्त! त्यामुळे कळ टोकाला नेण्याची गरज क्वचितच पडते.

या सात कळांची बाराखडी अशी :

१०० हर्ट्झ : गिटारची सर्वांत जाड तार साधारण ८२ हर्ट्झवर बोलते. तिचा घुमारा इथे असतो. जास्त झाला तर नुसते घुमणे.
२०० हर्ट्झ : आवाजाचा भरीवपणा, ऊब.
४०० हर्ट्झ : खोक्यातून आल्यासारखा कोंदटपणा. किंचित कमी केला की आवाज मोकळा होतो.
८०० हर्ट्झ : गिटारचा गळा. फार वाढवला तर आवाज नाकात बोलू लागतो.
१,६०० हर्ट्झ : तारेवरचा आघात, प्रत्येक सुराचा स्पष्ट उच्चार.
३,२०० हर्ट्झ : धार. अती झाली तर कानाला टोचते.
६,४०० हर्ट्झ : चमक. पण खरखरही इथेच वाढते.

आठवी कळ एकूण आवाजाची. एकल वादनाच्या वेळी पायाने पेडल दाबून गिटार क्षणात पुढे आणण्यासाठी ती फार उपयोगी पडते.

घरची गोडी मंचावर का विटते?

आता मंडपातल्या त्या मुलाकडे वळू या. घरी एकटा वाजवताना त्याने काय केले असेल? खालच्या आणि वरच्या कळा चढवल्या, मधल्या उतरवल्या. हसऱ्या ओठांसारखी ही रचना खोलीत ऐकायला फार गोड लागते. पण बँडमध्ये खालची जागा बेस आणि मोठ्या ड्रमने अडवलेली असते, तर वरची जागा झांजांनी. गिटारसाठी उरते ती मधली, आणि नेमकी तीच त्याने स्वतःच्या हाताने रिकामी केलेली असते! मग आवाज कितीही वाढवला तरी गिटार उठून दिसणार कशी?

दुसरे कारण माणसाच्या कानात आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मनसन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये दाखवून दिले, की हळू आवाजात आपला कान खालच्या सुरांना कमी दाद देतो. आवाज वाढला की तेच सूर कानाला भरभरून ऐकू येतात. म्हणून रात्री शेजाऱ्यांच्या झोपेचा विचार करून हळू आवाजात लावलेल्या कळा मंचावर घुमू लागतात. उपाय सोपा आहे. कळा लावायच्या त्या कार्यक्रमाच्याच आवाजात आणि सगळी वाद्ये वाजत असताना. गिटार एकटी ऐकताना थोडी कर्कश वाटली तरी चालेल, ती सगळ्यांत बसली पाहिजे. भाजीतले मीठ नुसते चाखून कुणी ठरवत नाही!

ती घुमणारी शिट्टी

गिटारचा आवाज स्पीकरमधून निघतो, हवेतून परत गिटारच्या पेटीवर आदळतो, तारा पुन्हा थरथरतात आणि हे चक्र वाढतच जाते. यालाच फीडबॅक म्हणतात. ॲकॉस्टिक गिटारच्या पोकळीतली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास सहज थरथरते, म्हणून 'घूंऽऽ' बहुधा तिथलाच. अशा वेळी सगळा आवाज कमी करण्यापेक्षा १०० किंवा २०० ची कळ थोडी उतरवून पाहावी. स्पीकरसमोरून जरा बाजूला सरकावे. पेटीचे तोंड झाकायला रबरी झाकणही मिळते.

आधी की नंतर?

आवाज मुद्दाम फाडणारे डिस्टॉर्शन पेडल असेल, तर इक्वलायझर कुठे जोडला यालाही महत्त्व आहे. आधी जोडला, तर कोणते सूर जास्त फाटावेत हे तो ठरवतो. नंतर जोडला, तर फाटून झालेल्या आवाजाला आकार देतो. फोडणीत घातलेला मसाला आणि वरून भुरभुरलेला मसाला यांत जो फरक, तोच इथे. प्रीॲम्प मात्र शक्यतो गिटारच्या जवळच असावा.

खरेदीपूर्वी हे करून पाहा

• गिटारच्या तारा किती जुन्या आहेत? गंजलेल्या तारांतली चमक कोणतेही पेडल परत आणू शकत नाही.
• गिटारवर आधीच प्रीॲम्प असेल, तर त्याच्या कळा मध्यावर आणून सुरुवात करा. एका वेळी एकच कळ हलवा.
• वाढवण्यापेक्षा घटवण्याकडे कल ठेवा. नको ते काढले की हवे ते आपोआप दिसते आणि खरखरही वाढत नाही.
• वाजवणे संपल्यावर केबल काढून ठेवा. ती लावलेली राहिली तर बहुतेक पेडलची आणि गिटारची ९ व्होल्टची बॅटरी नुसतीच उतरत राहते.
• अडॅप्टर वापरताना व्होल्ट आणि धन-ऋण खूण पेडलवर लिहिल्याप्रमाणेच आहे ना, हे तपासा. बहुतेक पेडलना मध्यभागी ऋण टोक लागते. चुकीच्या अडॅप्टरने पेडल जळू शकते.
• कान जपा. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालतो, पण दर ३ डेसिबल वाढीबरोबर ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती जेमतेम पाव तास उरते.

आज हीच सोय एकत्रित प्रोसेसरमध्ये आणि मोबाइलच्या ॲपमध्येही मिळते. डबी असो वा पडदा, कळा ओळखल्या की काम सारखेच.

मात्र एक गोष्ट कोणत्याही कळेने बदलत नाही, ती म्हणजे वाजवणाऱ्याचा हात. तार कुठे छेडली, नखाने की मांसल बोटाने, किती जोराने, इथूनच टोनची सुरुवात होते. पुलाजवळ छेडलेली तार धारदार बोलते, पोकळीवर छेडलेली गोड. हा इक्वलायझर फुकटचा आहे आणि त्याला बॅटरीही लागत नाही.

तेव्हा पुढच्या गणेशोत्सवाआधी बाबांनी हिशेबाची वही जरा बाजूला ठेवावी आणि मुलाला एवढेच सांगावे, "एकदा सगळ्यांबरोबर तालमीत मधल्या कळा वर करून बघ." मंडपातल्या त्या मुक्या गिटारला कंठ फुटायला कित्येकदा तेवढेच पुरते.