उरणच्या भट्ट्या आणि आबकारीचे कागद

लंडन शहरांत पार्लमेंट व पंतप्रधानांचें निवासस्थान यांच्या मधल्या रस्त्यावर 'रेड लायन' नांवाचें जुनें मद्यगृह आहे. सभागृहांत मतें घेण्याची वेळ झाली म्हणजे वाजणारी घंटा तेथेंही बसविलेली असून, तें पाहण्यास प्रवासी मुद्दाम जातात. राज्यकारभार व मद्य यांचा संबंध तेथें वास्तूच्या रूपानें जपला गेला आहे. आमच्या रायगडच्या किनाऱ्यावरही हा संबंध जुना आहे. परंतु तो विटांत नसून कागदांत आहे, आणि हे कागद 'दारूचे' म्हणून हलके लेखले जातात. संग्राहकांनीं ते कां राखावे, हें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

माडाच्या पोयीस छेद देऊन माडी काढण्याचा धंदा या किनाऱ्यावर भंडारी समाजाकडे परंपरेनें चालत आला. गार्सिया द ऑर्ता यानें १५६३ मध्यें गोव्यांत छापलेल्या आपल्या ग्रंथांत माडाची सुरा व तिच्यापासून गाळलेलें मद्य यांचें वर्णन केलें आहे. पुढें पेशवाईंत मद्यास सामान्यतः मनाई होती. तथापि फिरंग्यांकडून घेतलेल्या मुलखांतील भंडारी, कोळी आदि लोकांपुरती ती सैल करावी लागली, असें न्यायमूर्ति रानडे यांनीं पेशव्यांच्या रोजनिशीच्या प्रस्तावनेंत दाखविलें आहे. मनाई आणि सवलत यांचा हा झगडा पुढेंही मिटला नाहीं.

इंग्रजी अमलांत १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यानें या धंद्यास नवें वळण लागलें. माडी काढावयाच्या झाडांवर कर, दुकानास परवाना, आणि गाळलेल्या दारूवर जकात अशी तिहेरी पकड बसली. विखुरलेल्या भट्ट्या मोडून त्या मोजक्या ठिकाणीं एकत्र आणण्याचें धोरण सरकारनें धरलें. उरण हें असें एक मोठें ठिकाण. तेथील भट्ट्या बहुतेक पारशी व्यापाऱ्यांच्या असत. मोहाचीं फुलें बाहेरून येत आणि तयार दारू खाडी ओलांडून मुंबईस जाई.

यानंतर १८९२ चा मोहाच्या फुलांसंबंधींचा कायदा झाला. ठाणें व कुलाबा या दोन जिल्ह्यांत चोरटी दारू होऊं नये, म्हणून फुलें बाळगण्यावर व त्यांच्या विक्रीवर त्यानें निर्बंध घातले. वास्तविक हींच फुलें रानांतील गरीब लोकांच्या पोटासही लागत. उरणच्या भट्टींत जें फूल सरकारी उत्पन्नाचें साधन होतें, तेंच कातकऱ्याच्या झोपडींत संशयाचें कारण ठरलें. हा विरोध एखाद्या अर्जांत किंवा दंडाच्या पावतींत जितका स्पष्ट दिसेल, तितका कायद्याच्या मजकुरांत दिसणार नाहीं.

शोधकानें दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. उरण पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत होतें. १८८३ मध्यें पनवेलबरोबर तें कुलाब्यास जोडलें गेलें, आणि कुलाब्याचें नांव १९८१ मध्यें रायगड झालें. म्हणून १८८३ पूर्वींच्या कागदांचा माग अलिबागेकडे न काढतां ठाण्याकडे काढावा. दुसरें असें कीं, परवाना किंवा झाडांची यादी हा कोणाच्या पिण्याचा पुरावा नव्हे. तो उत्पन्नाचा, जमिनीचा व मालकीचा पुरावा होय. अशा यादीवरून वाडीचा धनी कोण, झाडें किती, आणि तीं काढणारा कोण, हें कळूं शकतें. एखाद्या घराण्यास कमीपणा येईल या भयानें असे कागद लपविणें किंवा जाळणें हें त्या घराण्याच्या श्रमाचाच इतिहास पुसण्यासारखें आहे.

१९४९ चा दारूबंदीचा कायदा होऊन एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यांत सर्वत्र बंदी आली. पुढें ती सैल झाली, तरी जुने परवाने व हिशेबाच्या वह्या यांचें प्रयोजन संपलें. आणि प्रयोजन संपलेला कागद रद्दींत जाण्यास वेळ लागत नाहीं. सनदा व महजर यांस कपाट मिळतें. भट्टीच्या वहीसही त्याच कपाटांत एक कोपरा मिळावा, एवढेंच आमचें मागणें आहे.